जॅक आणि घोडी: दोन्हींवर ‘२ टन’ लिहिलेलं, पण काम वेगळं

उचललेल्या गाडीखाली लावायच्या ज्या लोखंडी आधाराला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री घोडी म्हणतात, त्यालाच दुकानात जॅक स्टँड म्हणतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो. नावात जॅक, उंची कमी-जास्त होते, अंगावर ‘२ टन’ असा शिक्का. घरात जॅक असताना हे आणखी कशाला, असं वाटतं आणि माणूस नुसत्या जॅकवर गाडी चढवून खाली शिरतो.

बॉटल जॅक किंवा ट्रॉली जॅक गाडी पेलतो तो कोंडलेल्या तेलाच्या जोरावर. ते तेल अडवतात रबरी सील आणि आतला छोटा व्हॉल्व्ह. सील झिजलं, व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचऱ्याचा कण आला की तेल आतल्या आत टाकीत परततं. मागे ब्रेक पॅड बदलताना मी आमची वॅगन-आर बॉटल जॅकवर ठेवून चहाला गेलो. परतलो तेव्हा जमिनीपासून चार बोटं असलेला डिस्क दोन बोटांवर आला होता. बाहेर तेलाचा थेंबही नव्हता. तेव्हापासून जॅकवरच्या गाडीखाली मी हातसुद्धा घालत नाही.

गाडीसोबत मिळणाऱ्या स्क्रूच्या जॅकला तेलाचा धोका नाही, पण त्याचं पाऊल तळहाताएवढं. गाडी जरा पुढे-मागे सरकली की तो कलंडतो. तो रस्त्यावर स्टेपनी बदलण्यापुरताच.

घोडी काहीच उचलत नाही. चार पाय फाकवून ती नुसती उभी असते. वजन लोखंडातून सरळ जमिनीत जातं. उंची धरते एक जाड पिन, नाहीतर खाचा आणि खटका. खाचांची घोडी वापरायला सोपी. तरी मी पिनवाली किंवा खाचा आणि पिन दोन्ही असलेलीच घ्या म्हणेन. २०२० मध्ये अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या कंपनीला तीन आणि सहा टनी घोड्या मोठ्या संख्येनं परत मागवाव्या लागल्या. कारण, खटका खाचेत पुरेसा खोल बसत नव्हता आणि वजन आल्यावर निसटू शकत होता. मूळ दोष होता कारखान्यातल्या जुन्या झालेल्या टूलिंगचा, म्हणजे साच्या-अवजारांचा. पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) झिजला की माल कसा निघतो, हे फाउंड्रीच्या या गावात वेगळं सांगायला नको.

घोडीऐवजी विटा, जांभ्याचे चिरे किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचणं तर अजिबात नको. भिंतीत ते पसरलेलं वजन घेतात. इथं सगळा भार एका टोकावर येतो आणि ते इशारा न देता फुटतात.

खालची जमीनही पाहा. आपल्याकडे बऱ्याच अंगणांत शहाबादी फरशी असते. ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तिथं घोडी लावू नका. भाराखाली फरशी तडकेल. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खचतात, काळी माती तर बोलायलाच नको. घट्ट सपाट काँक्रीट उत्तम. उतारावर काम करूच नका.

हँडब्रेक ओढलाय म्हणून निश्चिंत होण्यातही एक फसगत आहे. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागची चाकं धरतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी गाडी गिअरमध्ये ठेवली तरी एक पुढचं चाक हवेत गेलं की सुटू शकते, कारण डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) ते चाक मोकळं फिरू देतं. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. ऊसाच्या ट्रॉलीला लावतात तसे दगड चालतील, पण ते गोल नकोत.

आता क्रम. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. इंजिनाच्या चेंबरखाली (खालच्या ऑइलच्या टाकीखाली) लावलात तर चेंबर चेपतो. घोडीला दुसरी मजबूत जागा लागते: सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट), किंवा बोलेरोसारख्या गाडीत चॅसिस. गाडी हवी त्याहून थोडी वर घ्या, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर घोड्या लावा आणि जॅक हळू सोडून वजन त्यांच्यावर बसू द्या. मग बाहेर उभं राहून गाडीला हातानं जोरात हलवा. करकरली किंवा सरकली, तर पुन्हा उचलून नीट बसवा. जॅक तिथंच गाडीला खालून टेकवून ठेवा, काढलेलं चाक दरवाजाखालच्या पट्टीखाली आडवं सरकवा. घोडी दगा देईल त्या क्षणी तेवढीच जागा मिळते.

उतरवताना जॅकनं गाडी बोटभर उचला, मग घोड्या ओढा. खाली पाना राहिलाय का, मांजर शिरलंय का, ते एकदा वाकून बघा आणि मगच जॅक सोडा.