प्रवासी ट्रेलर : ॲक्सलची अलाइनमेंट व टायरांची असमान झीज

मोटारीमागे जोडून ओढायच्या, आत झोपण्या-जेवण्याची सोय असलेल्या ट्रेलरची चाके ओढीच्या दिशेला समांतर आणि रस्त्यावर उभी आहेत की नाहीत हे तपासणे, व नसल्यास ती तशी करणे, म्हणजे ॲक्सलची अलाइनमेंट. ती बिघडली की टायर सर्व रुंदीभर सारखा झिजत नाही. एक कड गुळगुळीत होते आणि उरलेली नक्षी जवळजवळ नवी राहते. हा प्रश्न मुख्यतः अमेरिका व कॅनडातला आहे, कारण दोन ॲक्सलांचे जड ट्रेलर मोठ्या संख्येने तिथेच वापरात आहेत. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व त्याचा परिसर हे या उद्योगाचे केंद्र असून ॲक्सल बनवणारी डेक्स्टर ही कंपनीही तिथलीच. मोटारीच्या अलाइनमेंटशी या कामाचे नाते नावापुरतेच आहे. मोटारीत टाय रॉड (चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा दांडा) फिरवून चाक सरळ करता येते. ट्रेलरच्या नेहमीच्या ॲक्सलवर फिरवण्याजोगे काही नसते. कारखान्यात वेल्डिंगच्या वेळी जो कोन बसला तोच पुढे चालतो.

रचना : ॲक्सल म्हणजे पोलादी नळी. ३,५०० पौंड (सु. १,५९० किग्रॅ.) क्षमतेच्या ॲक्सलला साधारण ६० मिमी. आणि ५,२०० ते ७,००० पौंडांच्या ॲक्सलला ७६ मिमी. व्यासाची नळी वापरतात. नळीच्या दोन्ही टोकांना चाकांचे स्टब (चाक ज्यावर फिरते ते आखूड दांडे) वेल्ड केलेले असतात व कमानपाट्यांच्या (वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) बैठकाही वेल्ड केलेल्याच असतात. दोन ॲक्सलांच्या ट्रेलरमध्ये पुढच्या व मागच्या पाट्यांमध्ये मधोमध खिळलेला एक तोलदांडा असतो. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की तो डोलून भार मागच्या चाकावर वाटतो. पाटे, शॅकल (पाट्यांची टोके टांगणाऱ्या जोडपट्ट्या), तोलदांडा आणि चासीला वेल्ड केलेले हँगर (पाटे टांगायचे आधार) यांना जोडणारे बोल्ट स्वस्त बांधणीत नायलॉनच्या बुशमधून (भोकात बसवलेल्या नळकांड्यांमधून) जातात. हे बुश झिजले की बोल्ट थेट पोलादावर घासतो, भोके लांबट होतात आणि ॲक्सल पुढेमागे सरकू लागतो. कितीतरी ‘बिघडलेल्या’ ॲक्सलांचे खरे दुखणे इथे असते. नळीचा त्यात काही दोष नसतो.

दुसरा प्रकार रबरी टॉर्शन ॲक्सलचा. चौकोनी नळीत दुसरा दांडा बसवून मधल्या फटींत रबराच्या कांड्या दाबून घातलेल्या असतात व पिळल्या जाणाऱ्या रबराचीच स्प्रिंग होते. या रचनेचे मूळ सामान्यतः स्विस अभियंता नाइडहार्ट याच्या विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराच्या कामात शोधतात. एअरस्ट्रीम या अमेरिकी कंपनीच्या ट्रेलरांत ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रूढ झाली. तीत तोलदांडा नसल्याने जोडणीचा हुक उंच राहिला, ट्रेलरचे नाक वर गेले, की मागच्या ॲक्सलवर भार जास्त येतो. मागचेच दोन टायर आधी संपतात, त्याचे एक कारण हे.

बाकाचे मूळ : कमानपाट्यांवरच्या बऱ्याच ॲक्सलांची नळी सरळ नसते, मध्यभागी ती किंचित वर उचललेली असते. त्यामुळे रिकाम्या ट्रेलरची चाके वरच्या बाजूला जरा बाहेर झुकतात, म्हणजे त्यांना धन कॅम्बर असतो. हा बाक कुठून आला याविषयी मतभेद आहेत.

एका मतानुसार तो घोडागाड्यांचा वारसा आहे. यूरोपात गाड्यांची लाकडी चाके बशीसारखी खोलगट करत. आरे तुंब्यापासून बाहेरच्या अंगाला कललेले असत. जमिनीकडचा, भार झेलणारा आरा उभा राहावा म्हणून कण्याची टोके थोडी खाली वाकवत. असे बाहेर झुकलेले चाक बाहेरच वळू पाहते आणि त्याला अडवणाऱ्या खुंटीवर दाबते. त्याला उतारा म्हणून टोके थोडी पुढेही वळवत. बाहेरचा झुकाव आणि आत वळलेली पुढची कड ही जोडी, म्हणजे आजचे कॅम्बर व टो-इन, अशा रीतीने लोखंडी धावेच्या काळापासून एकत्रच दिसते. सुरुवातीचे अनेक घरगुती ट्रेलर मोटारींच्या जुन्या ॲक्सलांवर बांधले गेल्याने हे कोन मोटारीमार्फत ट्रेलरकडे आले, असे हे मत मांडणारे म्हणतात.

दुसरे मत मोटारीच्या धन कॅम्बरचा संबंध स्टिअरिंग हलके करण्याशी व मध्यभागी फुगीर असलेल्या जुन्या रस्त्यांशी जोडते. मोटारीपुरते ते पटण्याजोगे असले तरी न वळणाऱ्या ट्रेलर-चाकाला ते लागू करणे ओढाताणीचे होते. तिसरे मत साधे आहे. पूल बांधताना तुळईला आधीच वरचा बाक देतात, तोच हिशेब इथे आहे : चाके नळीच्या टोकांना, भार मात्र थोडा आत, पाट्यांच्या बैठकांवर. भार आला की नळी मध्ये खाली दबते आणि चाके सरळ उभी राहतात. रिकाम्या ॲक्सलचा बाक आणि पूर्ण भाराखालचा त्याचा जवळजवळ अभाव पाहता ट्रेलरपुरते हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. घोडागाडीच्या वारशाने कॅम्बर समजावता येतो. तो भाराच्या क्षमतेशी जुळवलेला का असतो, हे त्यातून समजत नाही.

या बाकाचे दोन व्यावहारिक परिणाम क्वचितच लक्षात घेतले जातात. पाट्यांच्या बैठका वेल्ड करताना नळी थोडी जरी फिरलेली राहिली, तर बाक उभा न राहता तिरपा होतो आणि कॅम्बरचा काही अंश टो बनतो, म्हणजे चाकाची पुढची कड आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळते. एक अंशाचा कॅम्बर दहा अंशांनी फिरला तर प्रत्येक चाकाला सु. ०.१७ अंश टो मिळतो; बाकाचा माथा पुढे झुकल्यास टो-आउट, मागे झुकल्यास टो-इन. दुसरे असे की, ट्रेलरची उंची वाढवण्यासाठी पाट्यांवरचा ॲक्सल पाट्यांखाली घेतात, तेव्हा काहीजण वरच्या बाजूला नव्या बैठका वेल्ड करण्याऐवजी ॲक्सलच उलटा बसवतात. मग बाक खाली जातो, भाराने आणखी खाली जातो आणि टायरांची आतली कड झपाट्याने उडते.

एक ॲक्सल व दोन ॲक्सल : ट्रेलरला एकच ॲक्सल असेल आणि तो तिरका बसला असेल, तर ट्रेलर मोटारीमागे तिरका चालतो, मागून पाहणाऱ्याला ते दिसतेही. पण टायर त्याने फारसे झिजत नाहीत, कारण दोन्ही चाके ज्या दिशेला तोंड करून आहेत त्याच दिशेने जातात. तिरकी असते ती वरची पेटी. एका ॲक्सलवर टायर खाणारा खरा दोष म्हणजे दोन चाकांची आपापसांतली फाकणी किंवा मिटणी. अर्ध्या अंशाचा टो असलेले चाक प्रत्येक किलोमीटरला जवळजवळ पावणेनऊ मीटर आडवे फरफटते.

दोन ॲक्सलांचे तसे नाही. ते परस्परांना समांतर नसतील तर ट्रेलरला सोयीची दिशाच उरत नाही. पाट्यांमधील अंतर सु. १.८५ मी. धरले आणि एका ॲक्सलचे एक टोक फक्त ६ मिमी. पुढे असले, तरी दोन ॲक्सलांत सु. ०.१९ अंशाचा फरक पडतो. किलोमीटरला हा तंटा सव्वातीन मीटरचा होतो व दोन्ही ॲक्सल तो साधारण निम्मा-निम्मा सोसतात. म्हणूनच उत्पादकांच्या सूचनांत समांतरतेची मर्यादा कडक असते : जोडणीच्या बिंदूपासून पुढच्या ॲक्सलच्या दोन टोकांच्या अंतरांत १/८ इंचाहून (सु. ३ मिमी.) अधिक आणि दोन ॲक्सलांमधल्या डाव्या व उजव्या अंतरांत १/१६ इंचाहून (सु. १.५ मिमी.) अधिक फरक नसावा.

सगळे अचूक असले तरी वळणावर घासणे टळत नाही. ट्रेलर साधारणपणे दोन ॲक्सलांच्या मधल्या बिंदूभोवती वळतो. ॲक्सलांत ८४ सेंमी. अंतर आणि वळणाची त्रिज्या ५ मी. असेल, तर प्रत्येक टायर आपल्या दिशेशी सु. पाच अंश तिरका ओढला जातो. पुढचे एका बाजूला, मागचे दुसऱ्या बाजूला. कॅम्पिंगच्या जागेत ट्रेलर मागे घेताना टायरांचा खालचा भाग आडवा पिळलेला स्पष्ट दिसतो. रेडियल टायरच्या पोलादी पट्ट्यांमध्ये याने जी कातर पडते तिच्यामुळे नक्षीचा थर सुटतो, असे टायर-अभियंते मानतात आणि अनेक ॲक्सलांच्या ट्रेलरला बाजूवर छापलेला कमाल दाबच ठेवावा असे सुचवतात. अलाइनमेंटचे काम करणारे या कारणाला दुय्यम लेखतात. झीज आणि थर सुटणे हे दोन वेगळे प्रश्न धरले तर हा वाद बराचसा मिटतो.

झिजेवरून निदान : दोन्ही कडा झिजलेल्या व मध्य शाबूत असेल तर हवा कमी, मध्यच झिजला असेल तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर असंतुलित चाक किंवा सैल बेअरिंग. एकच सपाट डाग असेल तर ब्रेक जॅम झाल्याची खूण. कडांची झीज मात्र सावधपणे वाचावी लागते. एकाच ॲक्सलच्या दोन्ही टायरांची आतली कड गेली असेल, तर नळी भाराने वाकली आहे किंवा टो-आउट आहे. दोन ॲक्सलांच्या ट्रेलरमध्ये डाव्याची आतली आणि उजव्याची बाहेरची गेली असेल, तर ॲक्सल तिरका आहे. चारांपैकी एकच टायर बिघडला असेल, तर खड्ड्यात वा फुटपाथला आपटून त्याचा स्टब वाकल्याची शक्यता अधिक.

कॅम्बर आणि टो यांतला भेद डोळ्यांपेक्षा तळव्याला लवकर कळतो. कॅम्बरने कड गुळगुळीत, उतरती होते. टोने नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक धार तासली जाते व दुसरी टोकदार राहते. तळवा बाहेरून आत फिरवताना मऊ लागला आणि आतून बाहेर आणताना धारा बोचल्या, तर टो-इन. उलट असेल तर टो-आउट.

आतली कड झिजली की ‘माल जास्त भरला’ असे निदान सर्रास केले जाते. ते अनेकदा बरोबरही ठरते, कारण ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हुकवर जातो असे गृहीत धरून ॲक्सल व टायर निवडलेले असतात आणि शिल्लक क्षमता फारशी उरत नाही. अमेरिकेतील उद्योगसंघटनेने टायरांची क्षमता ॲक्सलच्या क्षमतेपेक्षा किमान १० टक्के अधिक असावी अशी अट घातली ती २०१७ मध्ये. तरीही ब्रेकमुळे व रस्त्याच्या ओढीने नळीची टोके मागे लवतात आणि चालत्या ट्रेलरला उभ्या ट्रेलरपेक्षा थोडा अधिक टो-आउट येतो, ही गोष्ट वजनकाट्यावर दिसत नाही. वजन मर्यादेत असूनही आतली कड जात असेल तर टो आधी मोजावा, हेच श्रेयस्कर.

मोजणी : ट्रेलर नेहमीच्या सामानासह सपाट फरशीवर पाच-सहा मीटर पुढे ओढून थांबवतात. मागे रेटून थांबवल्यास वळलेले टायर व सैल बुश खोटी मापे देतात. जोडणीच्या केंद्रातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करतात आणि तिथून पुढच्या ॲक्सलच्या दोन टोकांपर्यंतची अंतरे टेपने घेतात. टोसाठी चाक उचलून फिरवत नक्षीवर खिळ्याने बारीक रेघ ओढतात. चाक पुन्हा टेकवून ट्रेलर थोडा पुढे ओढला, की स्टबच्या उंचीवर पुढच्या व मागच्या बाजूला रेघांमधील अंतर मोजतात. पुढचे अंतर कमी ते टो-इन. कॅम्बरसाठी रिमच्या वरच्या व खालच्या काठाला ओळंबा लावला तरी पुरते : १५ इंची रिमवर एक अंश म्हणजे साडेसहा मिमी.

दुरुस्ती : समांतरता हँगर सरकवून किंवा बोल्टपाशी विकेंद्री चकती बसवून साधतात, लिपर्ट कंपनीचा ‘करेक्ट ट्रॅक’ संच याच तत्त्वाचा. त्याने नळीतला कॅम्बर व टो बदलत नाही. त्यासाठी जड ट्रकांची अलाइनमेंट करणाऱ्या कारखान्यात नळीला भक्कम तुळई व साखळ्या लावून हायड्रॉलिक जॅकने ती थंडच वाकवतात. गॅसने तापवून वाकवणे सोपे जाते, पण नळीची ताकद जाते, म्हणून ते निषिद्ध मानतात. रबरी ॲक्सलच्या कांड्या जुन्या होऊन बसल्या तर पूर्ण ॲक्सल बदलण्यावाचून मार्ग नसतो.

ट्रेलरसाठीच्या ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर) वर्गाच्या टायरांवर दीर्घकाळ ताशी ६५ मैलांची (सु. १०५ किमी.) मर्यादा गृहीत असे, आता त्याहून वरच्या वेगाचे टायरही मिळतात. यूरोपात एका रबरी ॲक्सलचे कॅरॅव्हॅन (असेच प्रवासी ट्रेलर) अधिक असल्याने समांतरतेचा प्रश्न तिथे कमी येतो. जर्मनीत कॅरॅव्हॅनला ताशी ८० किमी.ऐवजी १०० किमी.ची परवानगी हवी असेल तर टायर सहा वर्षांहून जुने चालत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले व त्यात एक आणि दोन ॲक्सलांचे ट्रेलर-कॅरॅव्हॅन धरले आहेत. एरवी इथे ओढली जाणारी वाहने म्हणजे प्रामुख्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्यांचा वेग कमी असतो आणि टायर गोटा होईपर्यंत चालवण्याचीच रीत आहे.