जळाऊ लाकूड फोडणे, रचणे आणि वाळवणे : वखारीच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून जळण नेणाऱ्या काही ग्राहकांच्या घरी अंघोळीचे पाणी अजूनही तांब्याच्या बंबात तापते, तर काहींची मुळशी-पानशेतच्या बाजूला शेतघरे असून तेथे थंडीत खोली उबदार ठेवण्यासाठी लोखंडी शेगडी पेटवली जाते. दोघांचीही तक्रार बहुधा एकच असते : लाकूड पेटत नाही, नुसता धूर होतो. लाकडाची जात हे त्याचे कारण क्वचितच असते; बहुतेक वेळा लाकूड ओले असते.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात ४० ते ५० टक्के पाणी असू शकते. एक किलो पाण्याची वाफ होण्यात सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते, म्हणजे तेवढी ऊब खोलीला किंवा पाण्याला मिळतच नाही. शिवाय अर्धवट जळालेल्या धुराचा डांबरासारखा चिकट थर धुराड्यात साचतो आणि पुढे कधीतरी तोच पेट घेऊ शकतो. जाळतेवेळी लाकडातील पाणी २० टक्क्यांच्या आत असावे.

लाकूड वजनावर विकले जात असल्याने येथे एक हिशेब मांडणे आवश्यक वाटते. ४० टक्के पाणी असलेल्या १ क्विंटल मालात प्रत्यक्ष लाकूड ६० किलो असते आणि तो माल २० टक्क्यांपर्यंत वाळला की त्याचे वजन ७५ किलो भरते. ही २५ किलोंची घट म्हणजे तोलातील खोट नव्हे. त्यामुळे ओल्या लाकडाचा दर सुक्याच्या दराच्या पाऊणपटीहून कमी असेल आणि आपल्याकडे रचायला जागा असेल, तरच ओला माल घेण्यात फायदा आहे.

असा माल डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. लगेच फोडून रचल्यास एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला वाळतो आणि मृग लागण्यापूर्वी छपराखाली हलवता येतो. मेअखेरीस घेतलेले ओले लाकूड पावसाळाभर जवळपास तसेच राहते. ते दिवाळीला जळेल, ही अपेक्षा ठेवू नये.

पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून बाहेर पडते आणि साल त्याला अडवते, म्हणून अखंड ओंडका वर्षभर ठेवूनही आतून ओला निघतो. आधी शेगडीच्या आतल्या लांबीपेक्षा दोन इंच कमी लांबीचे तुकडे करावेत आणि मग ते तीन-चार इंच जाडीचे फोडावेत. बंबासाठी नळीत सहज उतरतील अशा बारीक चिरफळ्या लागतात. फोडण्याचे काम लाकूड ओले असतानाच उरकावे. निलगिरी तर सुकल्यावर फार चिवट होते. मोठ्या ओंडक्यावर मधोमध घाव न घालता कडेकडेने फोडत यावे. गाठ असेल तेथे पाचर आणि घण वापरावा. चिंचेचे रेषे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे तिच्याशी घरी झटापट न करता ती वखारीतूनच फोडून न्यावी, असे आमचे मत आहे. रस्त्याकडेच्या झाडांत जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे हमखास सापडतात. करवत लावण्यापूर्वी साल तपासावी.

बाभळीचा निखारा बराच वेळ टिकतो, तर आंबा लवकर जळून जातो. कण्हेर विषारी असून तिचा धूरही अपायकारक असतो, त्यामुळे ती कधीही जाळू नये. रंग दिलेले लाकूड आणि प्लायवुडही वर्ज्य समजावे.

थप्पी जमिनीवर न लावता विटांवर फळ्या टाकून लावावी, म्हणजे खालून हवा खेळते आणि वाळवीही लवकर दिसते. भिंतीपासून अर्धा फूट अंतर सोडावे, दोन्ही टोकांना तुकडे आडवे-उभे रचून आधार द्यावा आणि वरच्या थराची साल वर ठेवावी. ताडपत्री फक्त माथ्यावर असावी. चहूबाजूंनी गुंडाळलेल्या थप्पीत ओल कोंडते आणि बुरशी धरते, तरीही ही चूक सर्वाधिक घरांत दिसते. पावसाळी वारा पश्चिमेकडून येत असल्याने शक्य असल्यास घराच्या पूर्वेची बाजू निवडावी. थप्पीत विंचू आणि साप आसरा घेतात. लाकूड वरूनच, उजेडात आणि हातमोजे घालून काढावे.

वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास खणखणीत आवाज येतो. खात्री हवी असल्यास एका तुकड्यावर खूण करून तो दर आठवड्याला तोलावा. वजन घटायचे थांबले की माल तयार आहे.

बंद खोलीत किंवा न्हाणीघरात शेगडी अथवा बंब पेटता ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो, त्यामुळे थंडी असली तरी खिडकी उघडी ठेवावी.

आपल्या आवारातील झाड तोडून त्याचे जळण करायचे असल्यास, शहराच्या हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते; त्याशिवाय आम्ही तोडीचे काम स्वीकारत नाही. मागणी नोंदवताना शेगडीची आतली लांबी किंवा बंबाच्या नळीचा व्यास कळवावा.