ओटीपी आणि यूपीआय पिन: काकांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं, तरी पैसे गेले

एप्रिलच्या शेवटी नागपुरात जुना कूलर विकायला काढला, तर गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. काकांनी ऑनलाइन जाहिरात टाकली, किंमत साडेतीन हजार. तासाभरात फोन आला. समोरचा म्हणे फौजेत आहे, कामठी छावणीत नुकतीच बदली झाली आहे, पैसे आत्ताच पाठवतो, कूलर उद्या उचलतो. आधी त्याने काकांकडून पाच रुपये मागवले आणि लगेच दहा परत केले. विश्वास बसला. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला: "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." काकांनी पिन टाकला, साडेतीन हजार गेले. "अडकले वाटते, पुन्हा करा," म्हणाला. काकांनी पुन्हा केलं. एकूण सात हजार गेले.

"पण मी कोणाले नंबर सांगितलाच नाही ना बाप्पा!" हे काका आजही सांगतात, आणि ते खरं आहे. बँका वर्षानुवर्षं बजावतात की ओटीपी, पिन कोणालाही सांगू नका. दोन्ही एकाच दमात उच्चारल्यामुळे लोकांच्या डोक्यात ते एकच झालेत. पिनच्या फसवणुकीत मात्र सांगण्याची गरजच नसते. चोराला तुमचा पिन नकोच असतो, तो तुम्ही तुमच्याच बोटाने दाबावा एवढंच त्याला हवं असतं.

यूपीआय पिन चार किंवा सहा आकडी असतो, तुम्हीच ठरवलेला, बदलेपर्यंत तोच. तो लागतो पैसे पाठवायला किंवा खात्यातली शिल्लक बघायला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. क्यूआरचंही तसंच आहे. त्यात पैसे घेणाऱ्याचा पत्ता असतो, म्हणजे स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो. गोकुळपेठेत भाजी घेताना आपण रोज हेच करतो, भाजीवाला आपला फोन स्कॅन करत नाही. पिन टाकायच्या पडद्यावर रक्कम आणि पैसे कोणाला जाणार ते नाव दिसतं. काकांनाही दिसलं असणार. वाचतो कोण?

ओटीपी तुमचा नसतोच. समोरची यंत्रणा तो पाठवते, एकाच कामासाठी, काही मिनिटांपुरता. कार्डाने खरेदी, नव्या फोनवर लॉगिन, विसरलेला पासवर्ड. यूपीआय पिन नव्याने बनवतानासुद्धा डेबिट कार्डाच्या शेवटच्या सहा आकड्यांसोबत ओटीपी लागतो. त्यामुळे ओटीपी हातात पडला की चोर स्वतःच्या फोनवरून काम उरकतो, तुमचं बोट त्याला लागत नाही.

इथे ‘कोणालाही सांगू नका’ या सल्ल्याची पंचाईत होते. पार्सलवाला दारात ओटीपी मागतो, टॅक्सीवाला निघण्याआधी मागतो, सिलिंडर आणणाऱ्या भाऊलाही कोड सांगावा लागतो. आठवड्यातून चारदा आपण कोणाला तरी आकडे सांगतो आणि ती सवय जडते. मग ‘तुमचं पार्सल रद्द करायचंय, ओटीपी सांगा’ म्हटलं की तोंडातून आपोआप निघतो. आकडे सांगण्याआधी मेसेजमधली आकड्यांबाहेरची अक्षरं वाचा. तो कशासाठी आहे हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. रुपये, कार्ड किंवा लॉगिन असं काही दिसलं, तर दारात उभा असलेला माणूस तो मागायला आलेला नाही.

आणि हो, ओटीपी न सांगताही जातो. वाहतुकीच्या दंडाचं चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती उघडून इन्स्टॉल केली आणि मेसेज वाचायची परवानगी दिली, की पुढचे ओटीपी परस्पर चोराकडे. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही.

पैसे गेल्यावर दोन्हीकडे पहिला फोन एकच: 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, आणि सोबत बँकेला. फोन करताना व्यवहाराचा 12 आकडी यूपीआय क्रमांक हाताशी ठेवा. घाई अशासाठी की रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आली तर येते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या चुकीने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

त्यानंतरची कामं मात्र वेगळी. ओटीपी गेला असेल तर कार्ड बंद करा, पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, एपीके टाकली असेल तर फोनचं इंटरनेट आधी तोडा. क्यूआरवाल्या प्रकारात पिन फुटलेलाच नसतो, तो बदलून काही साधत नाही. काकांनी त्या संध्याकाळी नेमकं तेच केलं. तासभर खपून नवा पिन बनवला, निवांत झोपले, आणि 1930 ला फोन लावला दुसऱ्या दिवशी दुपारी.