मुंबई बंदरावरचा पहारा : दीपगृहापासून रडारपर्यंत

मुंबई बंदरात येणारे मालवाहू जहाज किनारा दिसण्याच्या आधीच रडारच्या पडद्यावर उमटते. त्याचे नाव, वेग, दिशा आणि कुठे निघाले आहे हे सगळे बंदराच्या नियंत्रण कक्षाला कळते. गेटवेहून घारापुरीला जाणारी लाकडी लाँच त्याच पाण्यातून वाट काढते, पण तिचा कारभार दुसऱ्या खात्याकडे आणि दुसऱ्या कायद्याखाली. ही विभागणी कुणी बसून आखलेली नाही. दीडशे वर्षांत एकेक दुर्घटना झाली, तिला उत्तर म्हणून एकेक नियम आला आणि तो बहुधा त्याच जातीच्या जहाजांपुरता राहिला.

सुरुवात दिव्यांपासून झाली. खांदेरीचे दीपगृह १८६७चे, कुलाब्याच्या दक्षिणेला खडकांवर उभे असलेले प्राँग्ज १८७५चे. मधल्या काळात, १८७३ मध्ये, बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. सरकारचे काम तेव्हा खडक दाखवणे आणि धक्क्यावर शिस्त राखणे एवढेच समजले जाई. १९०८च्या भारतीय बंदर कायद्याने बंदराच्या हद्दीत जहाज कुठे नांगरायचे, कुठून हलवायचे हे सांगण्याचा अधिकार बंदराच्या अधिकाऱ्यांना दिला. हद्दीबाहेर जहाजाचा कप्तान आणि समुद्र, बस्स.

जहाजात माणसे किती आणि ती वाचवायची साधने किती, हा प्रश्न मात्र आगबोटींनी आधीच उभा केला होता. विजेच्या दिव्यांमुळे ‘वीजळी’ म्हणून ओळखली जाणारी वैतरणा ही मुंबईच्या शेफर्ड कंपनीची आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेच्या वर माणसे गेली असे मानले जाते. जीवरक्षक साधने अपुरी होती, असा ठपका मागाहून आला. नोव्हेंबर १९२७ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या.

आणि मग ‘रामदास’. १७ जुलै १९४७. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या, त्यामुळे गावी निघालेल्या रायगडकरांची भाऊच्या धक्क्यावर झुंबड. सकाळी आठच्या सुमारास बोट रेवसकडे सुटली. तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक लोक बुडाले. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांनी काहींना उचलले. मुंबईला बातमी पोचली ती संध्याकाळी, पोहत आलेल्या आणि वाचलेल्या लोकांच्या तोंडून.

बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेसाठी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याचा भर जीवरक्षक होड्या आणि बिनतारी संदेश यांवरच होता. पण तो आंतरराष्ट्रीय सफरींसाठी होता. रेवसची बोट जवळची, रोजची, घरची. मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते : जहाज जितके मोठे आणि परदेशाशी जोडलेले, तितके नियम आधी आले. कोकणातल्या चाकरमान्याच्या वाट्याला ते उशिरा आले आणि अर्धे आले. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद राहतात हे आज आपण गृहीत धरतो. खवळलेल्या समुद्रात प्रवाशांना नेऊच नये, ही काळजी मुळात त्या जुन्या अनुभवांतून आलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नौवहन महासंचालनालय मुंबईतच उभे राहिले आणि १९५८ मध्ये व्यापारी नौवहन कायदा आला. समुद्रात कुणी कुणाला वाट द्यायची याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये नव्याने ठरले. तोवर जगात दुसरीच गोष्ट सुरू झाली होती. लिव्हरपूल बंदराने १९४८ मध्ये धुक्यात जहाजे आत घेण्यासाठी किनाऱ्यावर रडार बसवले, १९५६ मध्ये रॉटरडॅमने रडारची साखळीच उभारली. त्यातून आजची व्हीटीएस, म्हणजे जहाज वाहतूक सेवा, वाढली.

या सेवेबद्दल एक गैरसमज सर्रास असतो. लोकांना वाटते की विमानतळावरच्या मनोऱ्यासारखे इथूनही कुणी जहाज चालवत असेल. तसे नाही. नियंत्रण कक्ष माहिती देतो, सावध करतो, प्रसंगी सूचना देतो, पण सुकाणूवरची जबाबदारी कप्तानाचीच राहते. रडारला जोड मिळाली ती एआयएसची. जहाज स्वतःची ओळख आणि ठिकाण रेडिओवरून सतत सांगत राहते. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनांवरील जहाजांना ती २००४ पर्यंत सक्तीची झाली. इथेही मोजमाप आकाराचे.

२६ नोव्हेंबर २००८ला या मोजमापाचा फोलपणा दिसला. हल्लेखोर पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मासेमारी बोटीतून आले आणि रबरी होडीने कफ परेडच्या मच्छीमारनगरात उतरले. त्यानंतर किनाऱ्यावर तटरक्षक दलाच्या रडारची साखळी आली, सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे गेली आणि वीस मीटरहून लांब मासेमारी बोटींना एआयएस लावण्याचा नियम झाला.

पण पडद्यावर ठिपका दिसणे आणि त्याचे काय करायचे हे ठरणे यांत फरक असतो, हे २०१०-११च्या वर्षभरात कळले. ७ ऑगस्ट २०१०ला बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया-३’ बंदराच्या मुखाशी आदळले. शेकडो टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात तरंगू लागले, काहींत कीटकनाशके होती. मुंबई बंदर आणि समोरचे न्हावा-शेवाचे बंदर जेएनपीटी (आताचे जेएनपीए) यांची जहाजे एकाच मुख्य मार्गाने ये-जा करतात, त्यामुळे दोन्ही बंदरे काही दिवस ठप्प झाली. ३० जानेवारी २०११ला ‘नॉर्डलेक’ हे मालवाहू जहाज नौदलाच्या ‘विंध्यगिरी’वर धडकले. युद्धनौका पेटली आणि दुसऱ्या दिवशी धक्क्याला बुडाली. जूनमध्ये ‘विस्डम’ जुहूच्या वाळूत रुतले. जुलैअखेर तर ‘पवित’ हे ओमानजवळ सोडून दिलेले जहाज, खलाशी नसताना, कुणाच्याही लक्षात न येता वाहत जुहूला आले. चौपाटीवर लोकांनी त्याच्यासमोर फोटो काढले. ज्या किनाऱ्याला पोलादी कवच दिल्याचे सांगितले जात होते, तिथे ही फजिती.

दीपगृहांचा १९२७चा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, त्यात प्रथमच व्हीटीएसला आणि ती चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी १९१७च्या जागी अंतर्गत जलयानांचा नवा कायदा झाला. गेटवेच्या लाँचा यातल्या दुसऱ्याखाली येतात. त्यांची तपासणी आणि प्रवासी संख्या महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. २०२५ मध्ये व्यापारी नौवहन आणि बंदरे यांचे जुने कायदेही बदलले.

दरम्यान १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनाच्या चाचणीत बिघाड होऊन ताबा सुटल्याचे नौदलाने सांगितले. लाँचला ८४ प्रवाशांची परवानगी होती, आत शंभराहून अधिक जण होते, १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. माणसे मोजणे हे सागरी मंडळाचे काम, पाण्यावरची वाहतूक बंदराची, चाचणी नौदलाची. तिघांच्याही डोळ्यांदेखत तोच एक चिंचोळा पट्टा होता.

त्याच्या साडेतीन महिने आधी, ३० ऑगस्टला, पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच समारंभात एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीचे ठिकाण कळवणारी यंत्रे, बसवण्याची योजनाही सुरू झाली. प्रवासी लाँचा त्या योजनेत नव्हत्या.