कन्सील पायपिंग : पुढच्या वायरिंगसाठी ठेवलेले रिकामे पाइप

नवे घर बांधताना स्लॅबमध्ये, भिंतीत आणि जमिनीखाली पीव्हीसीचे पाइप आधीच पुरायचे आणि वायर त्यांतून नंतर ओढायच्या, या पद्धतीला वायरमन ‘कन्सील पायपिंग’ म्हणतात. दिवे-पंख्यांपुरते पाइप बहुतेक स्लॅबच्या घरांत पडतातच. या नोंदीचा विषय आहे त्यांच्यासोबत टाकायचे रिकामे पाइप. आज त्यांत एकही वायर नसते. पाच-दहा वर्षांनी सोलर, एसी, कॅमेरा किंवा इंटरनेटच्या फायबरची केबल त्यांतून जायची असते.

विदर्भातल्या खेड्यांत मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या घरांत वायरिंग उघडेच असे: लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर, पुढे प्लास्टिकची केसिंग पट्टी. दिसायला ओबडधोबड, पण नवा पॉइंट हवा तर नवी पट्टी ठोकली की काम झाले. विटांची भिंत आणि स्लॅब आल्यावर ही सोय गेली. छपाई (प्लास्टर) आणि रंग झालेल्या भिंतीत एक पॉइंट वाढवायचा, तर कटरने झिरी मारा, पाइप बसवा, पुन्हा छपाई करा, पुन्हा रंग द्या. शिवाय घरभर धूळ. स्लॅबच्या बाबतीत तर तोही मार्ग नाही.

स्लॅबमधला पाइप लोखंड बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्याआधी टाकतात. पुष्कळदा हातात एकच संध्याकाळ असते. खालच्या जाळीवर पाइप ठेवून बाइंडिंग तारेने दर दोन-तीन फुटांवर आवळतात. जोड सोल्यूशन लावूनच पक्का करावा. ढिल्या जोडातून सिमेंटचे पाणी आत शिरले की ते आतच थिजते आणि तो पाइप कायमचा बंद होतो. फॅन बॉक्समध्ये थर्माकोल किंवा कागद कोंबून तोंड टेपने झाकतात. काँक्रीट ओतताना पाइपांवरून घमेली घेतलेल्या मजुरांचे पाय जातात, व्हायब्रेटर फिरतो. म्हणून आयएस ९५३७ या भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का असलेला, मध्यम किंवा जड प्रतीचा पाइपच घ्यावा. चार-पाच पाइप जुडीसारखे एकत्र बांधू नयेत, कारण मधल्या जागेत काँक्रीट उतरत नाही आणि तिथेच भेग पडते. कॉलम किंवा बीमला झिरी मारू देऊ नये, मग वायरमन कितीही घाईत असो.

नेहमीच्या पॉइंटांना २० किंवा २५ मिमी पाइप चालतो. रिकामा ठेवायचा तो मात्र २५ च्या खाली नको, शक्यतो ३२ मिमी असावा. वायरींनी पाइपच्या पोकळीचा साधारण ४० टक्के भागच भरावा, हा जुना आणि खरा दंडक आहे. काटकोनी एल्बो टाळावा. लांब बेंड घ्यावा किंवा स्प्रिंग घालून पाइपच वाकवावा. दोन बॉक्सांच्या मध्ये दोनच वळणे असू द्यावीत. तिसऱ्या वळणाला वायर अडते, मग कितीही टाल्कम पावडर लावून ओढा. पाइपमध्ये नायलॉनची दोरी आधीच सोडून तिची दोन्ही टोके बॉक्समध्ये बांधून ठेवावीत. आणि तोंडे बुचाने बंद करावीत: उघड्या पाइपात कुंभारमाशी चिखलाचे घर करते आणि ते आत घट्ट वाळून बसते.

कुठून कुठे पाइप न्यायचा, हा या नियोजनाचा गाभा आहे. पहिला मार्ग गच्चीवरून मीटरबोर्डापर्यंत, सोलरसाठी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पॅनलच्या डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाच्या) केबलचा पाइप घरातल्या नेहमीच्या विजेच्या वायरींपासून वेगळा ठेवावा. वीजरोधकाची तार मात्र कोणत्याही गुप्त पाइपातून नेऊ नये. ती भिंतीच्या बाहेरून सरळ जमिनीत उतरवावी.

दुसरा मार्ग रस्त्याकडच्या भिंतीतून सपरीत (ओसरीत) किंवा बैठकीत, फायबरसाठी. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेट प्रकल्पाला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा आजही पुष्कळदा खिडकीच्या फटीतून आत येतो. फायबर किंवा लॅन केबल विजेच्या पाइपात कधीच घालू नये.

तिसरा मार्ग उन्हाळ्याचा. पारा ४५ अंशांवर जातो त्या मुलखात प्रत्येक झोपायच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला कूलरचा पॉइंट हवा आणि एसीसाठी ४ चौ. मिमी वायर मावेल असा वेगळा पाइप हवा. कूलर आज आहे, एसी उद्या येईल, असे धरूनच चालावे.

चौथा मार्ग घराबाहेरचा: मीटरपासून सांदवाडी (परस), गुरांचा कोठा, विहीर. इथे काळी माती आडवी येते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पुरलेला पाइप ओढते. म्हणून भिंतीतून जमिनीत उतरतानाचा तुकडा लवचीक घ्यावा, अडीच फूट खोल चरात वाळूची गादी करावी आणि वर विटांची एक ओळ मांडावी, म्हणजे पुढे कुणाची कुदळ आधी विटेवर पडेल. एचडीपीई (पॉलिथिनचा) पाइप इथे पीव्हीसीपेक्षा बरा टिकतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १.२० लाख रुपये मिळतात आणि किमान २५ चौ. मीटर क्षेत्र धरलेले असते. हप्त्यांनी पैसा येतो तिथे वायरिंग शेवटावर जाते आणि रिकामा पाइप राहूनच जातो. वास्तविक अशा छोट्या घरालाच तो जास्त हवा, कारण पुढे तोडफोड करायला वेगळा पैसा नसतो. गच्ची ते मीटर आणि रस्ता ते बैठक, एवढे दोन पाइप तरी घरकुलात पडलेच पाहिजेत; बांधकामाच्या एकूण खर्चात त्यांची किंमत फार थोडी आहे.

छपाईच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत, शेजारी टेप धरून, म्हणजे कोपऱ्यापासून पाइप किती फुटांवर आहे ते वाचता येईल. ते छापून घराच्या कागदांच्या पिशवीत ठेवावेत. रिकाम्या बॉक्सवर कोरी प्लेट बसवावी आणि तिच्या आतल्या बाजूला मार्करने लिहावे, दुसरे टोक कुठे निघते ते.