अहमदाबाद प्रयोग

अहमदाबाद येथील कॅलिको मिल्सच्या विणकाम विभागात १९५३ पासून राबवण्यात आलेला कामाच्या पुनर्रचनेचा प्रयोग. लंडनच्या टॅव्हिस्टॉक मानवी संबंध संस्थेतील ए. के. राइस (१९०८–६९) यांच्या मार्गदर्शनाखाली तो झाला. औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्रातील ‘सामाजिक-तांत्रिक व्यवस्था’ आणि ‘स्वायत्त कार्यगट’ (आपले काम आपसांत वाटून घेणारा छोटा गट) या दोन संकल्पनांची चालू कारखान्यात घेतलेली ही सुरुवातीच्या काळातील एक महत्त्वाची कसोटी समजली जाते. यंत्रे बदलायची नाहीत, कामगारही नवे आणायचे नाहीत, फक्त कोणी कोणाबरोबर कोणत्या मागांवर काम करायचे याची वाटणी बदलायची, एवढाच या प्रयोगाचा गाभा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी औद्योगिक मानसशास्त्राचे लक्ष प्रामुख्याने एकट्या कामगारावर होते. कामासाठी योग्य माणूस कसा निवडावा, त्याचा थकवा कसा मोजावा, एका हालचालीला किती सेकंद लागावेत, असे त्याचे प्रश्न असत. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये मांडलेल्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’ने कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका माणसाकडे सोपवण्याचा मार्ग प्रतिष्ठित केला. पुढे १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झालेल्या प्रयोगांनी कामगारांच्या अनौपचारिक गटाकडे अभ्यासकांचे लक्ष वळवले. किती काम करायचे याची मर्यादा पुष्कळदा व्यवस्थापन नव्हे, तर सोबती ठरवतात, हे तेथे दिसून आले. मात्र या दोन्ही परंपरांनी प्रश्नाची एकेकच बाजू पाहिली. टेलरपंथीयांना यंत्र व हालचाल दिसली, तर हॉथॉर्नच्या वाटेने जाणाऱ्या मानवी संबंधवाद्यांना माणसे दिसली. यंत्रांची मांडणी आणि माणसांची मांडणी एकमेकींना जुळते का, हे तपासणे मागेच राहिले.

ती तपासणी सुरू झाली ती इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत. टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेले केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक विचित्र स्थिती नोंदवली : खाणीत नवी यंत्रे आली, पण त्या प्रमाणात उत्पादन वाढले नाही, आणि गैरहजेरी व परस्परांवरील दोषारोप मात्र वाढले. जुन्या पद्धतीत दोघेतिघे जोडीदार कोळशाच्या छोट्या भिंतीचे सगळे काम आपल्या जबाबदारीवर करीत. नव्या पद्धतीत लांबच लांब भिंतीवर कापणी, वाहक पट्टा सरकवणे व भरणी ही कामे तीन पाळ्यांत विभागली गेली, आणि एका पाळीने टाकलेले अर्धवट काम निस्तरण्याची पाळी दुसरीवर येऊ लागली. तंत्र सुधारले, पण त्याच्याभोवतीची माणसांची वीण उसवली, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. उत्पादनाचे कोणतेही एकक ही तांत्रिक आणि सामाजिक अशा दोन व्यवस्थांची गुंफण असते, आणि त्यांतील एकीचीच उत्तम आखणी केल्यास संपूर्ण एकक उत्तम चालेलच असे नाही, हा सामाजिक-तांत्रिक व्यवस्थेचा मूळ विचार येथून पुढे आला.

कॅलिको मिल्स ही साराभाई कुटुंबाची गिरणी. १९१८ मधील गिरणी कामगारांचा लढा, त्यातील महात्मा गांधींचे उपोषण व १९२० मध्ये स्थापन झालेली मजूर महाजन ही संघटना यांमुळे अहमदाबादेत मालक व कामगार यांच्यात लवादाने तंटे सोडवण्याची परंपरा रुजली होती. स्वातंत्र्यानंतर या शहरात वस्त्रोद्योगाच्या संशोधनासाठी ‘अटिरा’ ही संस्था उभी राहिली आणि कमला चौधरी यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञ तेथे गिरण्यांतील मानवी संबंधांचा अभ्यास करू लागल्या. कंपनीचे अध्यक्ष गौतम साराभाई यांनी टॅव्हिस्टॉक संस्थेशी संपर्क साधला, तो या वातावरणात.

कंपनीने १९५२ च्या जूनमध्ये एका शेडमध्ये २२४ स्वयंचलित माग बसवले होते. स्वयंचलित मागाने विणकराच्या कामात नेमका काय फरक पडतो हे पाहिल्याशिवाय पुढची अडचण उमगत नाही. साध्या यंत्रमागावर धोट्यातील (आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातील) सुताची कांडी संपली की विणकराने माग थांबवायचा, रिकामी कांडी काढून भरलेली घालायची आणि माग पुन्हा सुरू करायचा. स्वयंचलित मागाला भरलेल्या कांड्यांची एक फिरती चकती असते, तिला बॅटरी म्हणतात. कांडीवरचे सूत संपत आल्याची चाहूल फीलर नावाच्या यंत्रणेला लागते आणि माग चालू असतानाच नवी कांडी धोट्यात ढकलली जाते. ताण्याचा (कापडातील उभा) एखादा धागा तुटला तर त्यावर लटकणारी पत्र्याची पातळ पट्टी खाली पडून माग आपोआप उभा राहतो. विणकराला आता धागा सांधून माग सुरू करण्यापुरतेच काम उरते. त्यामुळे त्याच्याकडे दोनाऐवजी दोन डझन माग सोपवता येतात. त्याने सोडलेली कामे मात्र नाहीशी होत नाहीत. ती दुसऱ्या कोणाला तरी करावी लागतात.

या शेडमध्ये प्रत्येक पाळीत २९ कामगार होते आणि त्यांची कामे बारा प्रकारांत वाटलेली होती : ८ विणकर, बॅटरीत कांड्या भरणारे ५, एकदम अनेक धागे तुटल्यास ते सांधणारे ३, नवा बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) चढवणारे २, कापड वाहून नेणारे २, जॉबर (मागांची देखरेख करणारे मुकादम) २, सहायक जॉबर २, आणि कांड्या वाहणारा, फीलरचा फिटर, तेलवाला, झाडूवाला व हवेतील आर्द्रता राखणाऱ्या यंत्रणेचा फिटर असे एकेक. प्रत्येक प्रकाराचा कार्यभार स्वतंत्रपणे मोजून ठरवलेला होता. कागदावर तो निर्दोषच होता. त्यानुसार विणकराकडे २४ किंवा ३२, कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, धागे सांधणाऱ्याकडे ६० ते ८०, जॉबरकडे ११२ आणि तेलवाल्याकडे सगळेच्या सगळे २२४ माग येत.

राइस यांनी बोट ठेवले ते या आकड्यांवर. विणकराचे २४ माग आणि कांड्या भरणाऱ्याचे ४५ माग यांच्या सीमा कुठेच जुळत नव्हत्या. कांड्या भरणारा एका विणकराच्या सर्व मागांवर आणि दुसऱ्याच्या काही मागांवर राबायचा, तर दुसऱ्या विणकराला दोन वेगळ्या माणसांकडे पाहावे लागायचे. धागे सांधणाऱ्याचा पट्टा आणखी तिसरीकडेच कापलेला असायचा. एखाद्या मागावर धाग्यांचा गुंता होऊन तो बंद पडला, तर तो लवकर सुरू व्हावा अशी निकड विणकराला असे. परंतु ज्याने तो सांधायचा तो त्या वेळी दुसऱ्याच विणकराच्या मागावर अडकलेला असे, आणि त्याला बोलावण्याचा अधिकार विणकराकडे नसे. ही सगळी कामे एकमेकांवर अवलंबून असूनही ती करणारी माणसे कोणत्याच एका गटाची नव्हती. राइस यांच्या मते तो केवळ व्यक्तींचा समुच्चय होता; त्याला अंतर्गत रचना नव्हती, म्हणूनच जॉबर व पर्यवेक्षक यांना दिवसभर मध्ये पडावे लागत होते. कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी आणि सदोष कापड जास्त का, याचे उत्तर कामगारांच्या आळसात किंवा अडाणीपणात शोधण्याचे कारण नव्हते.

१९५३ च्या मार्चमध्ये त्यांनी सुचवलेला पर्याय सोपा होता : मागांचा एक सलग गट ठरवायचा आणि त्या मागांवरील सगळी कामे कामगारांच्या एकाच छोट्या गटाकडे द्यायची. ६४ मागांसाठी सात जणांचा गट ठरला. कामाचे प्रकार व वेतनाच्या श्रेणी कमी करण्यात आल्या, कामांची अदलाबदल करण्यास मोकळीक मिळाली आणि गटप्रमुख गटातलाच एक ठेवण्यात आला. कल्पना पर्यवेक्षक, जॉबर व कामगार यांच्यापुढे मांडली गेली, तेव्हा त्यांनी ती अनपेक्षित तत्परतेने उचलली आणि कोणी कोणाबरोबर काम करायचे हे आपसांत ठरवून स्वतःच गट जुळवले. बाहेरच्या तज्ज्ञाने आराखडा लादण्याऐवजी तो कामगारांनीच आपलासा केला, ही बाब राइस यांना कार्यक्षमतेच्या आकड्यांइतकीच मोलाची वाटली.

पहिल्या काही दिवसांत गटांनी उत्पादनाचा वेग वाढवण्यावर इतका भर दिला की सदोष कापडाचे प्रमाणही वाढले. हळूहळू देखभाल व वेग यांचा मेळ बसला. स्थिर झाल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून सुमारे ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांवर आले. पुढे ही रचना साध्या मागांच्या शेडमध्येही नेण्यात आली, आणि १९५८ मध्ये राइस यांनी या सर्व कामाचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

आकडे प्रभावी असले तरी त्यांचे कारण निर्विवाद नाही. एस. के. रॉय यांनी १९६९ मध्ये या प्रयोगाच्या पद्धतीची फेरतपासणी केली. गटरचनेबरोबर वेतनही बदलले होते, तेव्हा उत्पादनातील वाढ गटभावनेची की पैशाची, हे या प्रयोगाच्या मांडणीतून वेगळे काढता येत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. हा आक्षेप वजनदार आहे. हॉथॉर्नच्या रिले जोडणी कक्षातही वेतनपद्धती बदलली होती आणि तेथेही अनेक वर्षे श्रेय मानवी संबंधांनाच दिले गेले. चालू कारखान्यात एका वेळी एकच घटक बदलणे फारसे शक्य नसते, ही या शाखेतील बहुतेक क्षेत्रीय प्रयोगांची मर्यादा आहे. तथापि राइस यांचे निदान या आक्षेपाने बाद होत नाही. मागांच्या सीमा जुळत नव्हत्या, ही गोष्ट वेतनापासून स्वतंत्रपणे खरी होती.

एका माणसाकडे किती माग, हा प्रश्न भारतात केवळ तांत्रिक कधीच नव्हता. मुंबईत १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी जो संप केला, त्यामागे विणकराला दोनऐवजी तीन माग चालवायला लावण्याच्या ‘रॅशनलायझेशन’चा मोठा वाटा होता. मुंबईच्या विणकाम खात्यातील आणखी एक वस्तुस्थिती येथे विसरता येत नाही. जुन्या धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि या स्पर्शाचे निमित्त करून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना या जास्त मजुरीच्या खात्यात प्रवेश नाकारला जाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. अहमदाबादेतही खात्यांची विभागणी बऱ्याच अंशी जातीनुसार झालेली होती. कामगारांनी आपले सोबती स्वतः निवडावेत, हे स्वायत्त कार्यगटाचे तत्त्व ब्रिटनमधील खाणीत जितके निरुपद्रवी वाटते तितके ते भारतीय कारखान्यात नसते. तेथे परस्पर पसंतीच्या आड जुनी चाळणी लपलेली असू शकते. टॅव्हिस्टॉक परंपरेच्या चर्चेत या मुद्द्याला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही.

संकल्पना म्हणून मात्र स्वायत्त कार्यगटाचा प्रवास दूरवर झाला. फ्रेड एमरी व आयनार थोर्सरूड या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात नॉर्वेतील औद्योगिक लोकशाहीच्या कार्यक्रमात तिचा वापर केला. स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीने काल्मार येथे १९७४ मध्ये सुरू केलेला मोटार जुळणीचा कारखाना सरळ धावत्या पट्ट्याऐवजी गटांच्या कामाभोवती आखलेला होता.

खुद्द कॅलिकोत पुढे काय झाले, हे एरिक मिलर यांच्या पाठपुराव्यामुळे कळते. मानवशास्त्रज्ञ मिलर यांनी १९५६ ते १९५८ या काळात याच गिरणीत सल्लागार म्हणून काम केले होते. १९७० मध्ये त्यांनी जुन्या शेडची पुन्हा पाहणी केली आणि १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका शेडमध्ये गटपद्धती व तिची कामगिरी सोळा वर्षांनंतरही जवळपास तशीच टिकून होती. इतरत्र, आणि विशेषतः स्वयंचलित मागांवर, ती कमीअधिक प्रमाणात मोडली होती. बाजारात कापडाच्या वेगवेगळ्या प्रकारांची मागणी वाढली होती, त्यामुळे मागांवरील काम वारंवार बदलत होते. मालाच्या पुरवठ्यातील अडचणी वाढल्या होत्या. अशा वेळी पर्यवेक्षकाने गटाच्या सीमेवर उभे राहून त्याला योग्य सूत, सुटे भाग व पुरेसा वेळ मिळवून द्यायचा असतो, पण दबाव वाढला तसे पर्यवेक्षक गटाच्या आत शिरून माणसामाणसाला कामे सांगू लागले. गटाची स्वायत्तता ही गटातील माणसांच्या स्वभावावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक गटाच्या सीमेची राखण कोण व कशी करतो यावर अवलंबून असते, असे मिलर यांच्या पाहणीवरून म्हणता येते. पर्यवेक्षकाचे खरे काम गटाच्या आत नसून सीमेवर असते, हा टॅव्हिस्टॉकच्या पुढील लेखनात रूढ झालेला सिद्धांत बऱ्याच अंशी या शेडमधील अनुभवावर आधारलेला आहे.