पेटीतला दमटपणा आणि पेटीतली ओल

बेळगावजवळ खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात भिंतीला हात टेकवला तर ओला होतो. त्यामुळे आमच्या भागात बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, पेटीत पाळणाऱ्यांना वाटतं, आता दमटपणाची काळजी मिटली. माझ्या मावसभावालाही तसंच वाटलं. जुलैत त्याच्या सापाने कात टाकली ती तुकड्या-तुकड्यांत. शेपटीच्या टोकाला आणि एका डोळ्यावर ती तशीच चिकटून राहिली. घाबरून त्याने रोज दोनदा पेटीत पाणी फवारायला सुरुवात केली. काही दिवसांनी साप उचलला तर पोटाचे खवले कडेने तांबूस झालेले, दोन ठिकाणी फोड. कोरडेपणाचा आणि ओलीचा, दोन्ही त्रास एकाच जिवाला.

दमटपणा हवेत असतो, ओल पेटीच्या बुडाला. हायग्रोमीटरचा, म्हणजे दमटपणा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा सांगतो, हवेत जेवढं बाष्प मावू शकतं त्याच्या किती टक्के आत्ता आहे. हवा तापली की जास्त बाष्प मावतं. बाहेरची २२ अंशांची, ९० टक्के दमट हवा पेटीत हीटरने ३२ अंशांवर गेली की बाष्प तेवढंच राहतं, आकडा मात्र ५० च्या आसपास उतरतो. या सापाला साधारण ६० ते ७० टक्के दमटपणा लागतो, कातीच्या दिवसांत थोडा जास्तच. म्हणजे खोलीची भिंत पाझरत असतानाही पेटीतली हवा कोरडी असू शकते.

निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांना हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. वाळलेलं पान उन्हात हाताळलं तर चुरा होतो, पहाटेच्या दमट हवेत तेच पान मऊ पडतं. पण त्यावर पाणी पडलं तर बुरशी. कातीचंही तसंच आहे.

आफ्रिकेत हा साप उंदरांच्या बिळांत, जुन्या वारुळांत दडून असतो. तिथली हवा दमट असते, पण साप चिखलात बसत नाही. (आपले नाग, धामण, अजगर पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. बॉल पायथनचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.)

पेटीत हे साधायचं तर फवारणी सोडा. कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन-चार इंच थर द्या आणि पाणी कोपऱ्यांतून सोडा. खालचा थर ओलसर राहील, वरून हात फिरवला तर कोरडा लागला पाहिजे. जाळीच्या झाकणातून बाष्प निघून जातं, म्हणून उबेच्या दिव्यापासून दूरचा भाग झाकून टाका. हायग्रोमीटर झाकणाला लटकवू नका, साप बसतो त्या उंचीवर ठेवा.

ओल दिसली म्हणून हीटर बंद करणं सगळ्यात वाईट. गार आणि ओलं एकत्र आलं की छातीचा आजार होतो. श्वासाला घरघर, तोंडाशी फेस दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरम बाजू ३१-३२, गार बाजू २५-२६ अंश राहू द्या, आणि हीटर थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) कधीच लावू नका.

डोळ्यावरची कात मावसभावाने नखाने ओढली नाही, हे फार बरं केलं. फोडांवर डॉक्टरांनी मलम दिलं, बूड कोरडं झालं, ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला एक डबा आत ठेवला. पुढची कात अख्खी निघाली, मोज्यासारखी उलटी. ती उजेडात धरून आम्ही आधी डोक्याकडचा भाग पाहिला. डोळ्यांच्या दोन्ही पारदर्शक चकत्या तिच्यातच होत्या.